दोन जावा आणि एक कोठी

हैदराबादेहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "आमचे चिरंजीव एका मोठ्या कार्यालयात संगणकांची देखभाल करतात. महिन्यातून एकदोनदा रात्री दोन-अडीच वाजता फोन खणखणतो, 'क्लस्टर पलटला' असे काहीसे कानांवर येते आणि मुलगा अंथरुणातून उठून तसाच कामाला बसतो. सकाळी विचारावे तर म्हणतो, काम काही थांबले नव्हते, दुसऱ्या सर्व्हरने सांभाळून घेतले. काम थांबलेच नव्हते, तर माझ्या मुलाची झोप कशासाठी मोडली? हे क्लस्टर म्हणजे काय प्रकरण आहे, ते आमच्यासारख्यांना उमजेल अशा भाषेत सांगाल काय?"

पत्र वाचून प्रथम हसू आले आणि मागोमाग थोडे अवघडल्यासारखेही झाले. कारण या क्लस्टरच्या पायी माझे स्वतःचे हात एकदा चांगलेच पोळलेले आहेत. ती हकीकत ओघाने येईलच.

क्लस्टर या शब्दाचा अर्थ घोस किंवा घड. चार द्राक्षे एका देठाला लागलेली असावीत, तसे दोन किंवा अधिक सर्व्हर एका कामाला जुंपावयाचे, आणि त्यांतला एक कोसळला तर त्याचे काम दुसऱ्याने उचलावयाचे, एवढीच मूळ कल्पना. संगणकाने ऐनवेळी दगा देणे ही व्याधी संगणकाइतकीच जुनी आहे. तिच्यावर उपाय म्हणून १९७४ साली जेम्स ट्रायबिग यांनी अमेरिकेत टँडेम नावाची कंपनी काढली व यंत्रातला प्रत्येक महत्त्वाचा भाग दुहेरी ठेवण्याचा पायंडा पाडला. त्यांचे पहिले यंत्र १९७६ साली सिटीबँकेने घेतले. पैशाचा व्यवहार करणाऱ्यांना अखंडतेची किंमत सर्वांच्या आधी कळते, हे त्यावरून दिसतेच. पुढे १९८३ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने 'व्हॅक्सक्लस्टर' आणला आणि क्लस्टर हा शब्द तेथून रूढ झाला. त्या रचनेतली एक गोष्ट मला नेहमी विशेष वाटत आली आहे. तोवर डिस्क ही बहुधा एखाद्या संगणकाच्या पदरी बांधलेली असे. येथे डिस्क सांभाळणारा कंट्रोलर संगणकाच्या पेटीतून बाहेर पडून स्वतंत्र बिऱ्हाड करून राहिला. त्याचे नाव एचएससी-५०. मधल्या एका जोडपेटीला संगणक आणि असे कंट्रोलर मिळून सोळापर्यंत घटक जोडता येत, आणि कोणत्याही संगणकाने कोणत्याही कंट्रोलरकडे हात पसरावा अशी सोय होती. आज चिरंजीव ज्या क्लस्टरसाठी रात्री जागतात, त्याचे बीज या वेगळ्या बिऱ्हाडात आहे.

वेगळे बिऱ्हाड कशासाठी, हे समजण्यासाठी आपण आपल्या जुन्या एकत्र कुटुंबाकडे वळू. घरात दोन जावा आहेत. थोरली स्वयंपाक करते, धाकटी तयारीत बसलेली असते. थोरलीला ताप आला की धाकटीने पदर खोचून चुलीपुढे बसावयाचे. परंतु थोरलीने धान्य, तूप, गूळ सारे आपल्या खोलीत कुलूप घालून ठेवले असेल, तर धाकटी चुलीपुढे बसून करणार काय? यासाठी कोठी सामाईक हवी, आणि ती कोणाच्याही खोलीत नसून माजघरात हवी. सर्व्हर म्हणजे त्या दोन जावा, डिस्कांचे कपाट म्हणजे कोठी, आणि त्या कोठीच्या दाराशी बसलेला खमक्या कारभारी म्हणजे कंट्रोलर.

या कारभाऱ्याचे कौतुक थोडे सविस्तर केले पाहिजे, कारण सारा भार त्याच्यावर असतो. कपाटात डझनभर डिस्का असतात असे धरू. प्रत्येक डिस्क आज ना उद्या मरणारच. १९८८ साली बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला, व स्वस्त डिस्कांची रांग करून तिच्यात थोडी जादा माहिती राखली तर एखादी डिस्क गेल्यानेही काही बुडत नाही, हे सविस्तर मांडले. हीच 'रेड' पद्धत. तिचे मर्म कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. दूधवाला, वाणी आणि भाजीवाली यांचे तीन आकडे आणि खाली त्यांची बेरीज वहीत लिहिलेली असेल, तर एक आकडा शाईच्या डागाखाली गेला तरी बेरजेतून उरलेले दोन वजा करून तो काढता येतो. डिस्कांच्या बाबतीत ही बेरीज निराळ्या गणिताने होते आणि ती एकाच डिस्कवर न ठेवता सर्वांवर विखुरतात, एवढाच फरक. दोन डिस्का एकदम गेल्या तरी निभावे असे वाटत असेल तर दोन प्रकारच्या बेरजा ठेवाव्या लागतात. मी ज्या कपाटाची गोष्ट पुढे सांगणार आहे त्यात ३०० गीगाबाइटच्या बारा डिस्का होत्या. एक राखीव बसवून ठेवलेली, उरलेल्या अकरांपैकी दोघींची जागा त्या बेरजांत खर्ची पडलेली, म्हणजे हाती प्रत्यक्ष लागले २,७०० गीगाबाइट. व्यवस्थापकांनी तेव्हा "चौथा हिस्सा गेला कोठे?" म्हणून हिशेब मागितला होता. विम्याचा हप्ता म्हणा, असे मी उत्तर दिले.

कंट्रोलरची दुसरी करामत त्याच्या स्मरणात आहे. डिस्कची तबकडी फिरून योग्य जागा सुईखाली येईतो काही सहस्रांश सेकंद जातात, आणि सर्व्हरला तेवढाही धीर नसतो. म्हणून कंट्रोलर आलेली नोंद आधी आपल्या स्मरणपट्टीत घेतो, "लिहिले" असे सर्व्हरला सांगून मोकळा होतो, आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. आता मधल्या त्या क्षणी वीज गेली तर? "लिहिले" हे वचन खोटे ठरावयाचे. म्हणून त्या स्मरणपट्टीला स्वतःची बॅटरी असते. अलीकडे वीज जाताच मजकूर कायम स्मृतीत उतरवून ठेवण्याची युक्तीही सर्रास आढळते. बॅटरी म्हातारी झाली की सुज्ञ कंट्रोलर आपण होऊन ही उधारी बंद करतो व प्रत्येक नोंद डिस्कवर उतरल्यावरच होकार देतो. मग सारे काम मंदावते, तक्रारी सुरू होतात, आणि कोणी तरी उतावळा मनुष्य "बॅटरी असो वा नसो, उधारी चालू कर" असा पर्याय निवडून मोकळा होतो. असा पर्याय कित्येक कंट्रोलरांत असतो. तो का ठेवतात हे मला आजवर समजलेले नाही.

येथेच क्लस्टरचा पहिला नाजूक मुद्दा येतो. सर्व्हरच्या पोटात बसवलेल्या कार्डावरही अशी स्मरणपट्टी असते. परंतु तो सर्व्हर कोसळला म्हणजे त्या पट्टीतील नोंदी त्याच्याबरोबर बंद होतात. दुसऱ्या सर्व्हरला त्या दिसण्याचा मार्ग नसतो. थोरलीच्या कनवटीला राहिलेल्या चिठ्ठीसारखेच ते. म्हणून सामाईक कोठीचा कंट्रोलर दोन्ही सर्व्हरांच्या बाहेर हवा. आणि एकच कंट्रोलर ठेवला तर तो स्वतःच एकुलता एक दुबळा दुवा ठरणार, म्हणून कपाटात कंट्रोलरही दोन असतात. ते आपापल्या स्मरणातील न उतरलेल्या नोंदींची प्रत परस्परांकडे ठेवतात. एक दगावला की दुसरा त्याच्या उधाऱ्या फेडतो.

कंट्रोलर दोन, म्हणजे प्रत्येक सर्व्हरपासून कोठीपर्यंत वाटाही दोन. त्यातून एक मौज उत्पन्न होते. सर्व्हरला दोन वाटांनी एकच डिस्क दिसते, आणि त्या एका डिस्कला तो दोन निरनिराळ्या डिस्का समजतो. आरशातल्या चिमणीशी भांडणाऱ्या चिमणीसारखी ही स्थिती. या दोन वाटा एकाच दाराशी जातात हे समजावून देणारी निराळी आज्ञावली सर्व्हरवर बसवावी लागते, व कपाटाला सर्व्हरची जात, म्हणजे विंडोज की लिनक्स की आणखी काही, ते सांगून ठेवावे लागते. नवखे लोक हे विसरतात आणि दिवसभर डोके खाजवतात.

आता माझ्या हकीकतीकडे येतो. २००९ सालचा उन्हाळा. आमच्या शहरातील एका धर्मादाय रुग्णालयाने रुग्णांच्या नोंदींसाठी दोन सर्व्हर आणि वर वर्णिलेले कपाट घेतले होते. मांडणी मी केली. कपाटातील जागेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा कोणत्या सर्व्हरला दिसावा हे कंट्रोलरमध्ये नोंदवावे लागते. प्रत्येक सर्व्हरच्या तंतुजोडणीच्या कार्डाला जगात एकमेव असा सोळा अंकाक्षरांचा क्रमांक असतो. हा क्रमांक येईल तेव्हाच दार उघड, इतरांना ही खोली आहे हेसुद्धा कळू देऊ नकोस, असा हुकूम कारभाऱ्याला द्यावयाचा. तो न दिल्यास कित्येक लहान कपाटे 'येईल त्याला दाखवा' अशा उदार वृत्तीने चालतात. त्या वेळी कपाटाला दोनच सर्व्हर जोडलेले होते आणि दोघांनाही सर्व काही दिसावयासच हवे होते. हे क्रमांक हाताने लिहून घेणे कंटाळवाणे काम. तिसरा कोणी येईल तेव्हा पाहू, असे म्हणून मी ते राहू दिले. मधल्या स्विचमध्येही वाटा वेगळ्या केल्या नाहीत.

तिसरा आला. क्ष-किरणांची चित्रे साठविण्यासाठी रुग्णालयाने आणखी एक सर्व्हर घेतला व त्याचीही जागा याच कपाटात ठरली. मे महिन्यातला रविवार होता. विजेचे काम निघाल्यामुळे क्लस्टरचे दोन्ही सर्व्हर मी रीतसर बंद केले आणि जेवावयास घरी गेलो. कपाट मात्र चालू होते. नव्या सर्व्हरचा तरुण अभियंता दुपारी आला, त्याने जोडणी केली, यंत्र सुरू केले. त्याचा सर्व्हर विंडोजचा, आमचे दोन्ही लिनक्सचे. त्याला पडद्यावर एक मोठी डिस्क दिसली. तिच्यावर लिनक्सच्या लिपीत रुग्णालयाच्या सर्व नोंदी होत्या, परंतु विंडोजला ती लिपी वाचता येत नाही. त्याने नम्रपणे विचारले, या डिस्कवर ओळखीचे काही नाही, हिची नव्याने आखणी करू का? मुलाला वाटले, हीच आपल्यासाठी ठेवलेली जागा. त्याने होय म्हटले.

मी चार वाजता परतलो तेव्हा तो मुलगा खुशीत होता. "सर, जागा लगेच मिळाली," असे म्हणाला. त्या वाक्याचा अर्थ ध्यानात यावयास मला काही क्षण लागले. आपण चालत असलेली पायरी तेथे नाही असे अंधारात कळावे, तसे पोटात झाले.

दोष त्याचा नव्हता हे मी तेव्हाही जाणले होते. कोठीचे दार मी सताड उघडे टाकून गेलो होतो. रात्री दोन वाजेपर्यंत मी उरल्यासुरल्या तुकड्यांतून काही हाती लागते का ते पाहिले. काही फायली मिळाल्या, पण नोंदींच्या बाबतीत अर्धवट मिळणे हे न मिळण्यापेक्षा वाईट. अखेर टेपकडे वळलो. शनिवार रात्रीची टेप वाचताना अडखळली. शुक्रवार रात्रीची चांगली निघाली. म्हणजे शनिवारचा संपूर्ण दिवस पुसला गेला.

कोणाला वाटेल, एका दिवसाच्या नोंदी, त्यात काय एवढे! रुग्णालयात शनिवार हा तपासण्यांचा मोठा दिवस असे. सोमवारी ज्यांच्या शस्त्रक्रिया व्हावयाच्या त्यांचे रक्तगट, साखर, सारे अहवाल त्या एका दिवसात होते. मी पहाटे प्रयोगशाळेत जाऊन बसलो. तेथील ज्येष्ठ ताई संगणक आल्यावरही आपली लांबोडी नोंदवही सोडावयास तयार नव्हत्या. दोनदा लिहिण्याने वेळ जातो म्हणून त्यांना समज देण्यात आली होती, आणि ती देण्याच्या सभेत मीही मान डोलावली होती. ताई सात वाजता आल्या. मी सांगितलेले त्यांनी ऐकून घेतले, कपाटातून वही काढली व माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "मी वाचते, तुम्ही घाला." शंभरावर नोंदी आम्ही दोघांनी मिळून घातल्या. एकदाही त्यांनी त्या सभेचा उल्लेख केला नाही. सोमवारच्या रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांनी वहीवरही न विसंबता नव्याने नमुने घेतले, आणि पहिली शस्त्रक्रिया दोन तास उशिरा झाली. बाहेर बाकावर बसलेल्या त्या रुग्णाच्या वडिलांनी मला विचारले, "यंत्रात काही बिघाड झाला का हो?" मी "होय" म्हणालो. बिघाड यंत्रात झालेला नव्हता.

त्या आठवड्यात मी सोळा-सोळा अंकाक्षरांचे सर्व क्रमांक मोठ्याने वाचून, दुसऱ्या माणसाकडून पडताळून, कंट्रोलरमध्ये घातले. स्विचमध्ये वाटा वेगळ्या केल्या. आणि कोणता तुकडा कोणाचा याचा तक्ता कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या अंगाला चिकटवला. कोणत्याही नव्या कपाटाचे काम असो, मी आजही आधी तो तक्ता करतो व मगच कळफलकाला हात लावतो.

असो. जावांकडे परत येऊ, कारण खरा पेच अद्याप यावयाचाच आहे. धाकटीला कळावे कसे की थोरली आजारी आहे? दोन सर्व्हरांमध्ये यासाठी एक स्वतंत्र केबल टाकतात, एकीवर विसंबू नये म्हणून बहुधा दोन. तिच्यावरून दर सेकंदाला एक ठोका जातो. मी आहे, मी आहे, मी आहे. हे हृदयाचे ठोके लागोपाठ काही वेळा चुकले की धाकटी समजते, थोरली गेली. परंतु ठोका थांबण्याची कारणे दोन असू शकतात. थोरली खरोखरच कोसळली असेल, किंवा थोरली ठणठणीत असून मधली केबलच कोणाच्या पायात अडकून निघाली असेल. धाकटीला बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. तिकडे थोरलीलाही वाटते की धाकटी गेली. आता दोघी एकाच वेळी कोठीत शिरणार.

दोघींनी एकदम डिस्कवर लिहिले तर काय बिघडते, असा प्रश्न येथे हमखास येतो. प्रत्येक सर्व्हर डिस्कवरची कोणती जागा रिकामी आणि कोणती भरलेली याची यादी आपल्या स्मरणात बाळगून असतो व वारंवार डिस्ककडे पाहावयास जात नाही. कोठीत मी एकटीच वावरते, हे त्याचे गृहीत असते. थोरलीने रिकाम्या डब्यात साखर ओतली. धाकटीच्या यादीत तो डबा अद्याप रिकामाच, म्हणून तिने त्यात मीठ ओतले. दोघींच्याही वह्या आपापल्या परीने बिनचूक, आणि डबा मात्र वाया. तंत्रज्ञ या अवस्थेला 'दुभंगलेला मेंदू' म्हणतात. तिचे भयंकर लक्षण असे की काही काळ कोणालाच काही चुकल्यासारखे दिसत नाही. प्रत्येक डब्यासाठी आधी परस्परांची अनुमती घेणारी व्यवस्थाही करता येते, आणि तीही त्या जुन्या व्हॅक्सक्लस्टरमध्ये होती. परंतु साध्या दोन सर्व्हरांच्या मांडणीत एका वेळी एकीनेच कोठीत जावे हाच नियम पाळतात.

त्या एकीची निवड करावयाची कशी? येथे संगणकशास्त्राने सभाशास्त्रातून एक शब्द उसना घेतला आहे. आपल्या मंडळांच्या वार्षिक सभेचे निमंत्रण ज्यांनी वाचले आहे त्यांना तो पाठ असेल. गणपूर्ती! क्लस्टरमधील ज्या गटाकडे बहुमत असेल त्यानेच काम चालवावे, दुसऱ्याने मुकाट्याने हात आवरावा. दोनच सर्व्हर असतील तर मते एकास एक पडतात, म्हणून तिसरे मत सामाईक कपाटातील एका छोट्याशा डिस्कला देतात. ती साक्षीदार डिस्क. मोठी असण्याची गरज नाही, एखाद्या गीगाबाइटचा तुकडा पुष्कळ झाला. केबल तुटताच दोघीही तिच्याकडे धाव घेतात. जिच्या हाती ती प्रथम लागते तिची दोन मते होतात. आपल्या मंडळांत गणपूर्तीअभावी सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते आणि मग तिला गणपूर्तीची अट लागत नाही, ही सोय मला फार आवडते. तिच्यावाचून आपली निम्मी मंडळे केव्हाच बंद पडली असती. संगणकाला मात्र अशी सवलत चुकूनही देऊ नये.

'हाती लागणे' हे प्रत्यक्षात कंट्रोलर ठरवतो, आणि म्हणूनच क्लस्टरचा खरा न्यायाधीश तो. पूर्वीच्या पद्धतीत सर्व्हर डिस्कवर आपला हक्क सांगे व तो हक्क काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा ताजा करी. मायक्रोसॉफ्टने १९९७ साली विंडोज एनटीसाठी दोन सर्व्हरांचा क्लस्टर आणला तो याच तत्त्वावर. दुसऱ्या सर्व्हरला शंका आली की तो जोडणी झटकून तो हक्क पुसून टाकी व काही काळ थांबून पाही. पहिला जिवंत असला तर तेवढ्यात आपला हक्क पुन्हा बजावी. मेलेला असला तर जागा मोकळी राही. बसच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकण्यासारखाच हा प्रकार. गाडीला हिसका बसला की रुमाल खाली. पुढे आलेली पद्धत रेल्वेच्या आरक्षण तक्त्यासारखी आहे. प्रत्येक सर्व्हर कंट्रोलरकडे स्वतःच्या किल्लीची नोंद करतो, जोडणी झटकल्याने ती नोंद पुसली जात नाही, आणि वाचलेला सर्व्हर कंट्रोलरला सांगून दुसऱ्याचे नाव तक्त्यातून खोडतो. नाव खोडले गेले की त्या सर्व्हरने कितीही आपटले तरी कंट्रोलर त्याचे एक अक्षरही लिहून घेत नाही. विंडोजच्या २००८ सालच्या आवृत्तीपासून सामाईक कपाटाला ही पद्धत येणे सक्तीचे झाले. येत नसेल तर मांडणीपूर्वीची चाचणीच तसे सांगते.

लिनक्सच्या मंडळींचा दुसरा एक उपाय आहे. संशय येताच दुसऱ्या सर्व्हरची वीजच तोडावयाची. मेलेला असेल तर काही बिघडत नाही, जिवंत असेल तर आता नक्की मेला. या उपायाचे इंग्रजी नाव 'दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला' या अर्थाच्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'स्टोनिथ' असे ठेवले आहे. नावात सुसंस्कृतपणा नसला तरी उपाय रामबाण. आमच्या रुग्णालयात हाच होता. दोघांनी एकमेकांवर पाळत ठेवण्याची व्यवस्था मी चोख केली होती. तिसऱ्याचा विचार तेवढा राहिला होता.

सारे जुळवून झाल्यावर खरी परीक्षा असते ती केबली उपटण्याची. ठोक्यांची केबल काढावी, कपाटाच्या दोन वाटांपैकी एक काढावी, चालू सर्व्हरची वीज सरळ तोडावी, एक कंट्रोलर खेचून बाहेर काढावा, आणि प्रत्येक वेळी घड्याळ लावून किती वेळात काम पूर्ववत होते ते लिहून ठेवावे. दुसरा सर्व्हर डिस्क ताब्यात घेतो, अर्धवट राहिलेल्या नोंदी मिटवतो, मग काम सुरू करतो. याला अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागतो. पुष्कळ ठिकाणी ही परीक्षा टाळतात. नव्या, महागड्या यंत्राची वीज तोडावयास हात धजत नाही. मग ती परीक्षा एखाद्या रात्री आपसूक होते.

अलीकडे एकाच यंत्रात अनेक काल्पनिक सर्व्हर चालवतात, कित्येक ठिकाणी स्वतंत्र कपाट जाऊन तीन-चार सर्व्हरांच्या पोटातील डिस्काच परस्परांच्या प्रती राखतात, आणि साक्षीदाराचे मत दुसऱ्या शहरातील यंत्राकडे ठेवता येते. पण कोणी लिहावे आणि कोणी हात आवरावा, हा तंटा तेथेही आहेच.

आता भगिनींच्या मूळ प्रश्नाकडे. काम थांबले नव्हते हे चिरंजीवांचे म्हणणे खरे आहे. परंतु थोरली अंथरुणाला खिळली आणि धाकटीने चूल सांभाळली, त्या क्षणापासून घरात करणारी एकटीच उरली. तिला काही झाले तर तिसरी नाही. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला आणि सकाळी नऊला मुलगा पाहणार असेल, तर मधले सात तास सारे कार्यालय एका पायावर उभे असते. त्याला उठवतात ते दुसरा पाय लवकर जमिनीला लागावा म्हणून. शिवाय पहिला सर्व्हर पडला का, हे कळल्यावाचून त्याला पुन्हा उभा करण्यात अर्थ नसतो; तसाच उभा केला आणि काम आपोआप त्याच्याकडे परत गेले, तर तो पुन्हा पडतो व रात्रभर काम या हातातून त्या हातात झेलले जाते. म्हणून परतीची वाट आपोआप उघडू नये अशी मांडणी करतात, आणि ती उघडावयास माणूस लागतो.

एक विनंती मात्र करतो. त्या वेळी त्याला "लवकर आटप आणि झोप" असे म्हणू नका. पडद्यावरचा प्रश्न दोनदा वाचूनच होय म्हणावे अशी ती घटका असते, आणि अर्धवट झोपेतल्या माणसाला होय म्हणण्याची फार घाई असते. थर्मासमध्ये चहा करून ठेवा. त्याच्या कपाटाच्या दाराला आतून तक्ता चिकटवलेला आहे का, तेवढे एकदा सवडीने विचारा आणि काय म्हणाला ते मला कळवा.